धंतोलीतलं कोरियन पद्धतीचं क्लिनिक: दहा महिने जाऊन आल्यावर

पहिले खुर्चीबद्दल सांगते.

माझी उंची १५४ सेंटिमीटर आणि गेल्या ऑगस्टमध्ये वजन होतं ११८ किलो ४०० ग्रॅम. एवढ्या वजनाची बाई दवाखान्यात शिरली की भिंतीवरच्या डिग्र्या नंतर वाचते, आधी खुर्च्या पाहते. दोन्हीकडे हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या असतील तर मी उभीच राहते. कोणी विचारलं तर सांगते, "दिवसभर बसूनच असते जी, उभीच बरी." खरं कारण हे की त्या हातांमध्ये मी मावत नाही, आणि मावले तर उठताना खुर्ची सोबत येते. नागपूरच्या धंतोलीतल्या, वजनासाठी सुया आणि समुपदेशन देणाऱ्या या क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत बिनहाताचे, रुंद लाकडी बाक आहेत. आतला पलंग भिंतीला टेकवलेला, रुंद, चढायला दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल. वजनकाटा २०० किलोपर्यंतचा. आणि बीपी मोजायचा पट्टा मोठ्या मापाचा, वेगळा काढून ठेवलेला. जाड दंडाला नेहमीचा छोटा पट्टा बांधला तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मी मापं घेणारी बाई आहे, दंडघेर चुकला की पुढचं सगळं चुकतं हे मला पटायला वेळ लागला नाही. पण चार वर्षं माझं बीपी छोट्याच पट्ट्यावर मोजलं गेलं होतं आणि त्यावरून गोळी वाढवली गेली होती, याचं मात्र वाईट वाटलं.

क्लिनिकचं नाव इथे लिहीत नाही. पुढे तक्रारीही येणार आहेत, आणि माझ्या एकटीच्या अनुभवावरून कोणाच्या पाटीला बट्टा लागू नये, फुकटची जाहिरातही होऊ नये. काय मिळतं आणि काय मिळत नाही एवढं कळलं तर माझ्यासारख्या एखाद्या बाईचे पैसे आणि एखादी वाईट रात्र वाचेल, म्हणून लिहिते.

महाल भागात, केळीबाग रोडच्या आतल्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. बावीस वर्षं ब्लाऊज शिवते. दोन मुली हाताखाली आहेत. लग्नसराईत दहा-बारा तास मशीनवर बसणं होतं. वजन लग्नानंतर थोडंथोडं वाढत गेलं आणि २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत एकदम तीस किलोनं वाढलं. का वाढलं, ते पुढे येतं. मला स्वतःलाच ते या क्लिनिकमध्ये कळलं.

"कोरियन" हा शब्द आमच्या घरात शिरला तो वाईट रीतीनं. माझी मुलगी कोरियन मालिका पाहते. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिनं प्रेमानं, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून माझ्यासाठी ऑनलाइन एक "कोरियन स्लिमिंग टी" मागवला. तीस पुड्या, चोवीसशे रुपये, डब्यावर सगळी अक्षरं तिकडची, इंग्रजीत फक्त दोन ओळी. पहिले पाच दिवस मला वाटलं की चमत्कार झाला. भूक नाही, थकवा नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून मी ऑर्डरी संपवल्या. सहाव्या रात्री छातीत असं धडधडायला लागलं की ब्लाऊजचा हूक उडेल असं वाटावं. मिस्टरांनी तीन वाजता ऑटो शोधला. दवाखान्यात नाडी १३२ भरली. ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरनं पुडी पाहिलीसुद्धा नाही. "खाणं कमी करा, हे धंदे बंद करा," एवढं बोलून तो गेला. मुलगी बाहेर बसून रडत होती. तिला आजही त्या डब्याचा विषय काढलेला सहन होत नाही.

म्हणून दीड वर्षानं माझ्या एका गिऱ्हाईक बाईनं या क्लिनिकचं नाव सांगितलं तेव्हा मिस्टर सरळ म्हणाले, "पुन्हा कोरियनच? कायले जीव धोक्यात घालते?" मीही रिकामा डबा पिशवीत घालूनच पहिल्यांदा गेले.

डॉक्टरांनी आधी तो डबाच पाहिला. ते मूळचे एमबीबीएस, अ‍ॅक्युपंक्चरची राज्याच्या परिषदेत नोंदणी केलेले, आणि काही महिने दक्षिण कोरियात सोलला राहून शिकून आलेले. ते म्हणाले, "यात नक्की काय आहे ते घटक लिहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण तुमची लक्षणं ऐकून मला एका झाडाची आठवण येते." कोरियन वैद्य वजनासाठी जे काढे देतात त्यात थेउम-जोवी-थांग नावाचा काढा फार चालतो, आणि त्यात बऱ्याचदा माह्वांग नावाची वनस्पती असते. शास्त्रीय नाव एफेड्रा. आपल्याकडे आयुर्वेदात सोमलता म्हणून जी ओळखली जाते ती याच कुळातली. तिच्यात एफेड्रिन असतं. त्यानं भूक मरते, पण नाडी आणि बीपी चढतं, झोप उडते. अमेरिकेनं एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्या-पावडरींवर २००४ मध्ये बंदी घातली. कोरियात ती अन्नपदार्थात घालता येत नाही, फक्त परवानाधारक वैद्य तपासून, मोजून देऊ शकतो. म्हणजे ज्या देशाचं नाव डब्यावर छापून माल विकतात, त्या देशातसुद्धा हे झाड असं चहाच्या पुडीत घालून विकायला मुभा नाही. हे वाक्य मी घरी येऊन मुलीला शब्दशः सांगितलं. तिची चूक नव्हती हे तिला कळणं गरजेचं होतं.

या क्लिनिकमध्ये काढे देत नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "कोरियन वैद्यकातल्या तीन गोष्टी मी करतो. सुया, शेक आणि बोलणं. औषधं तुमच्या नेहमीच्या फिजिशियनची." मला हे फार आवडलं.

पहिली भेट दीड तास चालली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, आपल्याकडचे वैद्य पाहतात तशीच. जीभ पाहिली. मग प्रश्न. घाम कधी येतो, आल्यावर बरं वाटतं की गळून जायला होतं? थंड पाणी आवडतं की कोमट? बोलण्यात घाई आहे का? वस्तू टाकवत नाहीत का? मी विचारलं, "सर, नागपूरसारख्या गरम गावात घामाचा प्रश्न विचारून काय कळते?" ते म्हणाले, म्हणूनच घाम किती येतो ते विचारत नाही, आल्यावर कसं वाटतं ते विचारतो.

ही चार प्रकृतींची पद्धत ली जे-मा नावाच्या कोरियन वैद्यानं १८९४ मध्ये मांडली. आपल्याकडे वात-पित्त-कफ तिन्ही प्रत्येकात असतात, कमी-जास्त होतात. त्यांच्याकडे माणूस चारपैकी एकाच प्रकृतीचा, जन्मभर. मी निघाले थेउम. या लोकांचं यकृत बलवान आणि फुप्फुसं दुबळी मानतात, आणि अंगात साठवून ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. घाम येऊन गेला की त्यांना हलकं वाटतं. मला खरंच वाटतं. डॉक्टरांनी हेही सांगितलं की हे जुन्या वैद्यकाचं वर्गीकरण आहे, रक्ताच्या रिपोर्टसारखं त्यावर विसंबायचं नाही. "तुमच्याशी बोलायची सुरुवात कुठून करायची, एवढ्यासाठी मला ते कामाचं आहे," हे त्यांचे शब्द.

आणि मग त्यांनी यादी लिहून दिली. तीन महिन्यांची साखर, थायरॉइड, यकृताची तपासणी, आणि झोपेची तपासणी. मी घोरते का, झोपेत श्वास अडकून दचकून उठते का, हे त्यांनी मिस्टरांना विचारलं, मला नाही. मिस्टर गप्प राहिले, मग म्हणाले, "श्वास थांबतो तिचा. मी जागाच असतो." हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ७.४ निघाली. मधुमेह सुरू झाला होता आणि मला पत्ता नव्हता. झोपेच्या तपासणीत रात्रभर श्वास पुन्हा पुन्हा अडकतो हे निघालं, नाकाला लावायचं मशीन घ्यावं लागलं. थायरॉइड ठीक. डॉक्टर म्हणाले की आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात, कोरियातही तोच आकडा. माझा ५० च्या काठावर होता. "या टप्प्यावर शस्त्रक्रियेचा पर्याय तुमच्यासमोर मांडणं माझं काम आहे. मधुमेह असेल तर आशियाई लोकांसाठी याच्या कितीतरी खालच्या आकड्यालाच तो विचार सुरू होतो. कोरियात २०१९ च्या जानेवारीपासून ही शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य विम्यात आहे. सुया तिची जागा घेत नाहीत." सुयांचे पैसे घेणारा माणूस पहिल्या दिवशी हे बोलतो, यावर मी दोन दिवस विचार करत होते. मग पैसे भरले.

सुयांचं सांगते. माझ्या मशीनला जाड कापडासाठी १६ नंबरची सुई लागते, ती एक मिलिमीटर जाड असते. तिथली सुई पाव मिलिमीटर. पाकिटातून सामोरच काढतात, एकदा वापरून डब्यात टाकतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, पोटावर वर, आणि गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला. या गुडघ्याखालच्या जागेला कोरियन लोक जोक-सामनी म्हणतात, पचनाच्या सगळ्या तक्रारींना तीच जागा पहिली. दुखत नाही. तिथे एक जडपणा येतो, आतल्या आत ओढल्यासारखा, आणि तो आला की डॉक्टर मान डोलावतात. वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं. कानाला छोट्या दाण्यांची पट्टी चिकटवून देतात, भूक लागली की दाबायची. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा, ते विचारतातच.

सुयांनी वजन उतरलं का? मला नाही वाटत. पहिल्या सहा आठवड्यांत फक्त सुया आणि माझं नेहमीचं आयुष्य चालू होतं, तेव्हा काटा ७०० ग्रॅमनं हलला. एवढा फरक तर माझ्या सुती आणि काठपदर साडीत असतो. अ‍ॅक्युपंक्चरनं वजन भरपूर उतरतं असा भक्कम पुरावा नाही, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. पण सुयांनी एक केलं. आठवड्यातून एकदा, भर दुपारी, मी पंचवीस मिनिटं काहीही न करता पडून राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

बाहेरच्या खोलीत एक जुना फोटो आहे, त्याच्याकडे माझं पहिल्याच आठवड्यात लक्ष गेलं. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाचा. कोटणीस सोलापूरचे हे शाळेत शिकलो होतो. पण त्याच पथकातले डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे होते, हे मला ४४ व्या वर्षी कळलं. आणि त्यांच्यातलेच कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले, तिथून ही विद्या आपल्याकडे रुजली. सुया टोचून पडल्या पडल्या मी त्या चोळकरांचा विचार करायची. कोणत्या पेठेतून निघाले असतील, आई काय म्हणाली असेल.

आता खरं ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. समुपदेशन.

दर दुसऱ्या गुरुवारी पन्नास मिनिटं. मॅडम अमरावतीच्या आहेत, मानसशास्त्रात शिकलेल्या, वयानं माझ्याहून लहान. त्या मला "ताई" म्हणतात. पहिल्या तीन भेटींत त्यांनी खाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मी वाट पाहत होते, आता विचारतील, आता तर्री-पोह्यांवरून बोलतील, आता सावजीवरून बोलतील. आजवर ज्या कोणाकडे गेले त्यानं पाच मिनिटांत तेच केलं होतं. त्यांनी विचारलं ते माझं काम, हाताखालच्या मुली, मशीन कोणती, सगळ्यात अवघड कापड कोणतं. मी जॉर्जेटवर वीस मिनिटं बोलले.

चौथ्या भेटीत एक वही दिली. तीन रकाने. वेळ, काय खाल्लं, आणि त्याच्या अर्धा तास आधी काय झालं. कॅलरी नाही, ग्रॅम नाही. माझ्या वहीतले दोन उतारे देते.

"१२ सप्टेंबर. रात्री ११.४०. चार पोळ्या, वांग्याची भाजी, शेव वाटीभर, उभ्यानं. आधी: एका बाईनं ब्लाऊज परत आणला, ढिला झाला म्हणाली. 'स्वतःच्या मापानं शिवला का?' म्हणून मुलींच्या सामोर हसली. मी पण हसली."

"२ ऑक्टोबर. रात्री २.१०. चहा, टोस्ट नऊ. आधी: काही नाही, झोपेतून उठली."

मला वाटलं मॅडम पहिल्यावर बोलतील. त्या दुसऱ्यावर थांबल्या. वही उलटून त्यांनी मला दाखवलं, रात्री दोन, दोन वाजून दहा, दोन वाजून पाच, एक पंचावन्न. महिन्यात सोळा वेळा. "ताई, दोन वाजता काय असायचं?"

मी म्हटलं, काही नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "बाबांना कुशीवर वळवायचं असायचं."

सासऱ्यांना २०१६ मध्ये लकवा झाला. पलंगावरच होते पाच वर्षं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री बाराची आणि दोनची पाळी माझी, चारची माझी, सहाची सासूबाईंची. दोनला त्यांना वळवलं की झोप उडायची, मग मी चहा करून टोस्ट खायची, कारण त्या वेळी घरात जागं, गरम आणि माझं असं तेवढंच होतं. बाबा २०२१ मध्ये गेले. उठणं राहिलं, टोस्ट राहिले. आणि हे मी कधी जोडूनच पाहिलं नव्हतं.

झोपेच्या मशीनचा इथे संबंध आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की उठण्याचं एक कारण अडकणारा श्वासही आहे, सगळं मनावर ढकलू नका. मशीन लावायला लागल्यावर सोळाची सात वेळा झाली. उरलेली सात मॅडमच्या खोलीत सुटली.

तिथे त्यांनी मला एक शब्द सांगितला, ह्वाब्योंग. कोरियन भाषेत आगीचा आजार. वर्षानुवर्षं राग गिळणाऱ्यांचा, त्यातही घरातल्या मधल्या वयाच्या बायकांचा. छातीवर दडपण, अंगातून गरम वाफा, घशात गोळा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ च्या आजारांच्या सूचीत तो कोरियातला आजार म्हणून नोंदलेला आहे. मी म्हटलं, मॅडम, हा कोरियातला कायचा, हा तर आमच्या गल्लीतला आहे. आमच्याकडे याला नाव नाही एवढंच. "बाई सोसणारी आहे" म्हणतात.

त्यांच्या जुन्या वैद्यकात भावनांचं एक गणित आहे. राग यकृतात, चिंता आणि अतिविचार प्लीहेत, म्हणजे पचनाच्या जागी, दुःख फुप्फुसात, भीती मूत्रपिंडात. आणि एक भावना दुसरीला जिंकते. दुःख रागाला जिंकतं, आनंद दुःखाला, आणि राग चिंतेला. त्यावरची एक जुनी गोष्ट मॅडमनी सांगितली. एका श्रीमंताच्या बायकोची विचार करकरून झोप गेली होती, औषध लागू पडेना. वैद्यानं नवऱ्याशी संगनमत केलं. भरपूर पैसे घेतले, दिवसच्या दिवस घरी बसून दारू प्याला आणि एकही औषध न लिहिता निघून गेला. बाई भयंकर संतापली, घामाघूम झाली आणि त्या रात्री गाढ झोपली.

मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला चिडवणार नाही. पण इथे चिडायला परवानगी आहे."

त्यानंतर मला तीन भेटी काही जमलं नाही. चौथ्या भेटीत मी दिरांबद्दल बोलले. पुण्याहून वर्षातून एकदा, दिवाळीत यायचे. २०१९ च्या दिवाळीत बाबांची चादर उचलून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, पाठ लाल झाली आहे बाबांची, जरा लक्ष द्या." मी "हो भाऊजी" म्हटलं आणि अनारसे तळायला गेले. हे सांगताना माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक उठले असतील. मॅडम हलल्या नाहीत. पाणी दिलं. वेळ संपली होती तरी उठवलं नाही.

त्या रात्री मी मिस्टरांना सांगितलं की मला त्या पाच वर्षांचा राग आहे, तुमच्यावर पण आहे. सासूबाई आतून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "तेव्हाच बोलाची होती ना वो." बस एवढंच. मिस्टर काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यापासून रात्री दुकानाचं शटर ओढायला ते येतात, आणि साडेनऊला आम्ही दोघं सोबत जेवतो. रात्रीचं पावणेबाराचं उभ्यानं जेवण त्यामुळेच सुटलं. कोणत्या डाएटनं सुटलं नव्हतं.

खाण्याबद्दल तक्रार आहे. थेउम प्रकृतीच्या आहाराचा छापील कागद दिला तो तिकडचाच उतरवलेला. त्यातल्या अर्ध्या वस्तू इतवारीच्या बाजारात मिळणार नाहीत. डॉक्टरांना मी तसं म्हटलं. मग मॅडम आणि मी बसून आमची यादी केली. कागदावरचा मुळा आणि सोयाबीन राहिलं, दोन्ही इथे भरपूर पिकतं. ज्वारीची भाकर, कढी, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची चटणी, पोहे आठवड्यातून दोनदा, तर्रीतलं वरचं तेल काढून. पाटोडी-रस्सा बंद करायला मी नाही म्हटलं आणि त्यांनी आग्रह धरला नाही. हे काम त्यांनी स्वतःहून प्रत्येक पेशंटसाठी करायला पाहिजे.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सुरुवातीला काउंटरवरच्या मुलीनं माझं वजन भरल्या खोलीत मोठ्यानं वाचलं, "एकशे अठरा!" मी त्या दिवशी सुया न टोचून घेता परत निघाले होते. डॉक्टर मागे जिन्यापर्यंत आले, माफी मागितली. आता काटा आत आहे आणि आकडा कागदावर लिहून देतात. पण ज्या जागी एवढा विचार करून बाक केले तिथे हे आधीच सुचायला पाहिजे होतं.

तिसरी, बारा भेटींचे ७,२०० रुपये आधी मागतात आणि मधे सोडलं तर परत नाही. मी भांडले, चार-चार भेटींचे भरू दिले. तुम्हीही मागा. सुयांचे एका भेटीचे ६००, समुपदेशनाचे ८००, पहिली भेट १,०००. विम्यात काही बसत नाही. माझ्यासारख्या दुकानदार बाईला हे जड आहे. म्हणून जानेवारीपासून मी सुया पंधरवड्यावर आणल्या आणि समुपदेशन तसंच ठेवलं. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर काय घ्या, ते यावरून समजा.

आकडे. दहा महिन्यांत ११८.४ वरून १०६.२. साखर ७.४ वरून ६.६, यात फिजिशियनच्या गोळीचा वाटा मोठा आहे. मोठ्या पट्ट्यावर मोजल्यावर बीपीची गोळी अर्धी झाली. कंबर ५४ इंचांची ४९. फेब्रुवारी ते एप्रिल लग्नसराईत काटा एका जागी अडकला, तेव्हा डॉक्टर किंवा मॅडम, कोणीही मला दोष दिला नाही. "तीन महिने वाढलं नाही, हे लिहून ठेवा," मॅडम म्हणाल्या. बारा किलो उतरले तरी माझा बीएमआय अजून ४५ च्या आसपासच आहे, म्हणून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना मी पुढच्या महिन्यात भेटणार आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या आठवड्याच्या इंजेक्शनांचंही विचारणार आहे, खर्च ऐकून ठरवेन. मॅडम म्हणाल्या की शस्त्रक्रिया केली तर त्याआधी आणि नंतरही समुपदेशन चालू ठेवू, पोट लहान झालं तरी रात्रीचे दोन वाजणारच आहेत.

दीड महिन्यात वीस किलो पाहिजे असतील तर इथे जाऊ नका. झोपेत श्वास अडकत असेल, छातीत दुखत असेल, पायाला सूज असेल तर आधी साधा फिजिशियन गाठा.

जायचं असेल तर मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरा, स्टेशनला लिफ्ट आहे. मी चितार ओळी चौकातून बसते, सीताबर्डीला गाडी बदलते. स्टेशनपासून क्लिनिक माझ्या चालीनं बारा मिनिटं, पहिल्यांदा गेले तेव्हा पंचवीस लागली होती आणि दोनदा पारावर बसले होते. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे आणि त्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून एखाददोनदा बंद असते. निघायच्या आधी फोन करून विचारा. बंद असेल तर तसं सांगा, मॅडम खालच्या मजल्यावरच्या खोलीत उतरून येतात.